आंबवणं आणि थांबवणं

बार्शी हा शाळूचा मुलूख. सोलापूर जिल्ह्याच्या ईशान्य कडेला, धाराशिवला खेटून असलेल्या या तालुक्यात काळ्या रानातली रब्बी ज्वारी, तूर, उडीद, हरभरा यांचं राज्य आहे. तांदूळ इथे रानातून घरात येत नाही, दुकानातून येतो. त्यामुळे घरी तांदूळ आंबवण्याच्या विद्येची ओळख बार्शीपासून करून देणं कुणालाही उफराटं वाटेल. आंबवलेला भात म्हटला की डोळ्यांपुढे येते ती ओडिशाची पखाळ, बंगालचा पांता भात, आसामचा पोइता भात, तमिळनाडूचं पळय सादम. 2021 साली ऑस्ट्रेलियातल्या ‘मास्टरशेफ’ स्पर्धेच्या अंतिम फेरीत किश्वर चौधरी यांनी पांता भात परीक्षकांपुढे ठेवला, आणि पाहुणा दारात दिसताच फडताळात सरकणाऱ्या शिळ्या भाताला एकदम मोठेपणा आला. आता मराठी घरांतही रात्री भातात पाणी ओतून ठेवण्याची लाट आहे. लाटेबद्दल तक्रार नाही. पण आंबवणं सुरू कसं करायचं एवढंच ती सांगते, आणि त्यात सांगण्यासारखं फारसं काही नसतं. ओल, ऊब आणि वेळ मिळाली की धान्य आपलं आपण आंबतं. खरं कसब लागतं ते त्याला हव्या त्या वेळी थांबवायला. हे थांबवण्याचं कसब तांदळाच्या मुलखांपेक्षा बार्शीसारख्या कोरड्या मुलखातल्या घरांनी अधिक बारकाईनं सांभाळलं, असं या प्रस्तावनेचं म्हणणं आहे.

असं का झालं ते शिळ्या अन्नाकडे पाहिलं की कळतं. उरलेला भात ओला असतो. शिजताना तांदूळ स्वतःच्या वजनाच्या दीडपट-दुप्पट पाणी पिऊन बसलेला असतो. दमट हवेत तो रात्रभर नुसता ठेवला तर सकाळी चिकट होतो, तार सुटते. पाण्यात बुडवून ठेवणं हा त्यावरचा शहाणा उपाय होता. पाण्याखाली हवा कमी, म्हणून बुरशीला वाव कमी, आणि आंबटपणा आणणाऱ्या जिवाणूंना मात्र मोकळं रान. बार्शीच्या चुलीपाशी उरते ती भाकरी, आणि भाकरी आंबत नाही, वाळते. सकाळची भाकरी रात्री ताकात नाहीतर आमटीत कुस्करून संपते. सोलापूरकरांनी तर मुद्दाम पातळ थापून, वाळवून कडक भाकरी केली. ती आज पाकिटात बांधून पुण्या-मुंबईला जाते आणि आठवडेच्या आठवडे टिकते. ओल्या मुलखाची वाट आंबवण्याची, कोरड्या मुलखाची वाळवण्याची. या कोरड्या मुलखात सणापुरता तांदूळ आला तेव्हा दोन्ही वाटा एका भांड्यात मिळाल्या. इथे तांदूळ आधी आंबवतात आणि मग वाळवतात. त्यातून जे होतं त्याला आपण अनारसा म्हणतो. अनारसा ही काही बार्शीची मिरास नाही, तो कोकणापासून विदर्भापर्यंत सगळीकडे होतो. पण त्याची रीत कोरड्या हवेला जितकी साजते तितकी दमट हवेला साजत नाही, हे पावसाळ्यात तांदूळ सावलीत वाळवायचा प्रयत्न ज्यांनी केला आहे त्यांना पटवावं लागणार नाही.

अनारसा हा आंबवलेल्या तांदळाचा पदार्थ आहे, हेच मुळात अनेकांच्या मनात नसतं. त्याला ‘भिजवलेल्या तांदळाचा’ म्हणण्याची सवय आहे. भाषा मात्र सावध आहे. मराठीत दूध नासतं, आमटी विटते, भाजी उतरते. ही तिन्ही क्रियापदं अन्न हातचं गेल्याची. लोणचं मुरतं, ते कौतुकाचं. ‘आंबणं’ तेवढं दोन्ही कडांवर उभं आहे. वरण आंबलं म्हणजे फेकावं लागलं, आणि पीठ आंबवलं म्हणजे कुणीतरी जाणून केलं. दोन्हींत एका ‘व’चा फरक, आणि त्या ‘व’मध्ये करणाऱ्याचा हात आहे. अनारशाच्या तांदळाबद्दल आपण ‘आंबवला’ असं म्हणत नाही, ‘भिजत घातला’ म्हणतो, म्हणून त्यातला हा हात दिसेनासा झाला. पण तीन दिवस भिजलेल्या तांदळाचं पाणी पाहावं. पहिल्या दिवशी ते नुसतं गढूळ असतं. दुसऱ्या दिवशी वर बारीक फेस धरतो, पातेलं हलवलं की तळातून बुडबुडे सुटतात, आणि झाकण उघडताच आंबूस वास येतो. नुसत्या भिजण्यानं यातलं काही होत नाही. दाण्यावर आणि हवेत असलेले ल्युकोनोस्टॉक, लॅक्टोबॅसिलस या जातींचे जिवाणू पाण्यात उतरलेली थोडीशी साखर खाऊन आम्ल आणि वायू तयार करतात, त्याची ही खूण. तेच तांदूळ फ्रिजमध्ये भिजत ठेवले तर तीन दिवसांनंतरही पाणी जेमतेम बदललेलं दिसतं.

कुणी म्हणेल, आंबतं ते आंबो बिचारं, पण अनारशाला त्याची गरज काय? तांदूळ मऊ पडला की झालं. याचं उत्तर शेजारच्या प्रांतांत आहे. अनारशाचे भाऊबंद दक्षिणेत आणि पूर्वेत पसरलेले आहेत: तेलुगू लोकांचे अरिसेलू, तमिळ अधिरसम, कानडी कज्जाय, ओडिशाचा आरिसा पिठा. सगळीकडे तांदूळ आणि गूळ, सगळीकडे तळण. पण तिकडच्या रूढ रीतीत तांदूळ काही तास किंवा फार तर एखादा दिवस भिजतो आणि गुळाचा पाक करून त्यात पीठ घालतात. आपल्याकडे पाक नाही. कच्चाच गूळ किंवा पिठीसाखर ओलसर पिठात कुटून गोळा बांधायचा आणि मुरत ठेवायचा. तिथे गरम पाक पिठाला जसा अर्धवट शिजवून बांधून घेतो, तशी बांधणी आपल्याकडे कुठून येते? ती त्या लांबलेल्या भिजण्यातून येते. तीन दिवसांत पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत जातं, पिष्टकणांना जखडून ठेवणारी प्रथिनं सैल पडतात, काही पाण्याबरोबर निघून जातात. असा दाणा कुटताना तडकत नाही, विरतो. त्याचं पीठ मैद्यासारखं वस्त्रगाळ होतं आणि गुळाचा ओलावा सारखा धरून ठेवतं. ज्यांनी पाक वापरला त्यांनी वेळ वाचवला, ज्यांनी वेळ दिला त्यांना पाकाची कटकट उरली नाही. दोन्ही मार्ग बरोबरीचे आहेत. मात्र पाक सोडून द्यायचा आणि तीन दिवसांचं काम एका रात्रीत उरकायचं, हा जो तिसरा मार्ग हल्ली सुचवला जातो, त्यात अनारसा तुपात पसरतो आणि विरतो. आपल्याकडे त्याला ‘अनारसा हसला’ म्हणतात. करणारीला मात्र हसू येत नाही.

आता थांबवण्याकडे येऊ. अनारशाच्या रीतीत आंबण्याला चार ठिकाणी लगाम घातलेला आहे. पहिला लगाम पाण्याचा. रोज पाणी बदलायचं ते स्वच्छतेसाठी असं सांगतात, पण त्यानं आणखी एक गोष्ट होते. तयार झालेलं आम्ल आणि जिवाणूंचं खाद्य दोन्ही ओतलं जातं, म्हणजे घड्याळ रोज थोडं मागे फिरवलं जातं. तांदूळ भिजत राहतो, मऊ होत राहतो, पण आंबटपणा एका पातळीच्या वर चढत नाही. दुसरा लगाम सावलीचा. तांदूळ उपसून, निथळून, पंचावर पसरतात. उन्हात नाही, घरात. उन्हात वरचा थर कडकडीत होतो आणि गाभा ओला राहतो, सावलीत दाणा आतून-बाहेरून सारखा सुकतो. मुठीत दाबला तर किंचित चिकटेल आणि सोडला की सुटेल इतका दमटपणा राहू द्यायचा. तिसरा लगाम गुळाचा. तांदळाच्या जवळजवळ बरोबरीनं, नाहीतर पाऊणपट गूळ आत गेला की उरलेलं पाणी तो बांधून ठेवतो आणि जिवाणूंना प्यायला काही राहत नाही. तरी आंबणं पूर्ण बंद होत नाही, संथपणे चालू राहतं; आठ-दहा दिवस डब्यात ठेवलेल्या पिठाला जी खोल चव येते ती या संथपणाची. चौथा लगाम तुपाचा, तो शेवटचा. मंद आचेवर खसखशीची बाजू वर ठेवून, वरून झाऱ्यानं तूप उडवत तळलेल्या अनारशाला जाळी पडते ती मुख्यतः वाफेची करामत. पण वाफेला वाट करून देणारं सैल, विरलेलं पीठ आधीच्या तीन दिवसांनी तयार केलेलं असतं.

हे एकाच पदार्थावरून रचलेलं तर्कट नाही. उन्हाळ्यात याच घरांतून होणाऱ्या कुरडईकडे पाहा. गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलतं, मग वाटून चीक काढतात, तो रात्रभर निवळू देतात आणि वरचं आंबट पाणी हलक्या हातानं ओतून टाकतात. शिजवलेला चीक सोऱ्यातून उन्हात उतरतो. सालपापड्यांचा तांदूळही असाच तीन दिवस पाणी बदलत भिजतो, वाटला जातो, वाफवला जातो आणि वाळतो. धान्य बदललं, मोसम बदलला, पण आधी आंबवायचं आणि मग वाळवून अडवायचं हा क्रम कायम. पखाळीत लगाम असा नसतोच. पखाळ सकाळी खाऊन टाकणं हाच तिचा लगाम. ज्या मुलखात उद्या पुन्हा भात शिजणार आहे तिथे हे चालतं. जिथे तांदूळ सणापुरता विकत आणायचा, तिथे तो महिनाभर टिकेल असा करून ठेवण्यात अर्थ होता. पाणी बदलणं ही चैनही नव्हती. किलोभर तांदळाला तीन दिवसांत सहा-सात लिटर पाणी सहज लागतं आणि बार्शीच्या उन्हाळ्यात ते मोजून वापरावं लागतं. पण तांदळाचं धुवण गोठ्यात जायचं, म्हणून ते परवडायचं.

इथवर सगळं ठीक, पण ‘तीन दिवस’ हा आकडा मात्र तपासून घ्यायला हवा. प्रत्येक छापील कृतीत तो आहे. छापील पाककृतीला आकडा लागतोच. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं 1970 नंतर वाटी-चमच्याचं माप घरोघर नेलं आणि हजारो नवशिक्यांना स्वयंपाक शिकवला, त्या उपकाराची टिंगल करायचं कारण नाही. पण वाटी मे महिन्यातही तेवढीच असते आणि दिवस मे महिन्यात तेवढा नसतो. आंबवणाऱ्या जिवाणूंचा वेग, त्यांना मानवणाऱ्या तापमानाच्या टप्प्यात, दर 10 अंशांना ढोबळमानानं दुप्पट होतो. 25 अंशांना 72 तासांत होणारं काम 35 अंशांना 36 तासांत उरकतं. दिवाळीच्या आगेमागे बार्शीतल्या स्वयंपाकघरात जे तीन दिवस असतात, ते मेमध्ये दीडच दिवस असतात. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हाची तर गोष्टच वेगळी.

यावर कुणी म्हणेल, अनारसे दिवाळीचे, मे महिन्याचा प्रश्न येतोच कुठे? येतो, अधिक महिन्यात. अधिकात जावयाला दिव्यासह तीस-तीन अनारशांचं वाण द्यायची चाल अजून टिकून आहे. छिद्रं असलेला पदार्थ द्यायचा, आणि अधिक महिना साधारण तेहतीस महिन्यांनी येतो म्हणून तेहतीस द्यायचे, असा त्यामागचा लोकहिशेब. आता हा महिना कधी येतो पाहा. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, सौर वर्ष 365 दिवसांचं. साठलेली तूट भरायला ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत पडत नाही तो अधिक धरतात. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते आणि संथ चालते. त्यामुळे त्या सुमारास सूर्य एकेका राशीत जास्त दिवस रेंगाळतो, आणि संक्रांतीशिवाय महिना सरण्याचा संभव चैत्र ते आश्विन याच टप्प्यात जास्त. 2012 साली अधिक भाद्रपद होता, 2015 साली आषाढ, 2018 साली ज्येष्ठ, 2020 साली आश्विन, 2023 साली श्रावण. मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत तो येत नाही. याचा अर्थ, अधिकाचा अनारसा हा उन्हाळ्याचा किंवा पावसाळ्याचा अनारसा आहे, आणि त्याला दिवाळीचे तीन दिवस लावणं ही पंचांगाची नाही, आपली चूक आहे. अधिक म्हणजेच पुरुषोत्तम मास विष्णूचा, आणि बार्शी अंबरीष राजाला वर देणाऱ्या भगवंताची. अंबरीषाची कथाच मुळी वेळेच्या पेचाची आहे. द्वादशी सरत चाललेली, पाहुणे आलेले दुर्वास ऋषी स्नानाहून परतत नाहीत, आणि राजानं पारणं फेडायचं ते नुसत्या पाण्यानं. ज्या गावाची कथा घटका-पळांच्या हिशेबावर उभी आहे, त्या गावानं तांदळाच्या बाबतीत आकड्याला आंधळेपणानं चिकटावं हे काही बरं नाही.

मग मोजायचं कशानं? खुणांनी. दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून चुरडला की त्याची कणी न राहता पीठ व्हावं, ही पहिली आणि सर्वांत भरवशाची. पाण्यावर पांढरा, विरळ फेस असावा. वास ताकासारखा आंबूस हवा. कुबट, सांडलेल्या दुधासारखा किंवा सडक्या बटाट्यासारखा नको. पाणी हाताला तार धरू लागलं, किंवा दाण्यावर गुलाबी, हिरवा, काळा डाग दिसला, तर धुऊन वापरायचा विचारही करू नये. उन्हाळ्यात दिवस कमी करावेत आणि पाणी सकाळ-संध्याकाळ बदलावं. मातीचं भांडं मिळालं तर उत्तम. कोरड्या हवेत ते पाझरतं आणि आतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा गार राहतं, स्टीलच्या पातेल्याला हे जमत नाही. तांदूळ जुना, जाडा, फारसा चिकट नसलेला घ्यावा. उकडा तांदूळ चालणार नाही, कारण त्यातलं पिष्ट आधीच शिजलेलं असतं. याला ‘अंदाज’ म्हणून हिणवण्याची पद्धत आहे. अंदाज म्हणजे शेकडो वेळच्या निरीक्षणाचा आटवलेला काढा. तो आकड्यापेक्षा कमी शास्त्रीय नसतो, फक्त तो लिहून ठेवायला अवघड असतो, आणि पुढच्या पानांतल्या कृतींत तासांशेजारी प्रत्येक वेळी खूणही दिली आहे ती याचसाठी.

थंडीचं गणित उलटं. बार्शीच्या पूर्वेला, धाराशिव-लातूरकडे आणि सोलापूरच्या लगतच्या पट्ट्यात, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, बोलीत येळवस, रानात साजरी होते. भज्जी, उंडे, खीर यांच्या जोडीला आंबील असायलाच हवी. ती बिंदग्यात भरून डोक्यावरून शेतात जाते आणि आल्यागेल्याला आग्रहानं पाजली जाते. आंबील ज्वारीची. हा सण वर्षातल्या सर्वांत थंड दिवसांतला, म्हणून ज्वारीचं पीठ आपलं आपण एका रात्रीत आंबेल याचा भरवसा नसतो. तिथे ताक लागतं. ताकात कालवलेलं पीठ म्हणजे विरजण लावलेलं पीठ. ताकातले जिवाणू संख्येनंच इतके असतात की वाईट जिवाणूंनी डोकं वर काढायच्या आत पीठ आंबट होतं, आणि मग ते शिजवून थांबवतात. अनारशाला विरजण लागत नाही, कारण त्याला फार आंबट व्हायचं नाही, मऊ व्हायचं आहे. आंबिलीत आंबटपणा प्यायचा, कुरडईत तो ओतून द्यायचा, अनारशात किंचित ठेवायचा. एकाच स्वयंपाकघरानं आंबटपणाचे तीन वेगळे हिशेब ठेवले आणि तिन्ही सांभाळले. भाताला पाणी लावून ठेवणाऱ्या आजच्या उत्साही मंडळींनी या आंबिलीकडून एक गोष्ट उचलावी: शिजवून गार केलेल्या भातावर पाणी घालताना त्यात डावभर ताजं ताक घालावं.

कारण या बाबतीतला सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तो उडवून लावता येत नाही. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरेअस नावाचा जिवाणू बीजाणूंच्या रूपात जिवंत राहू शकतो. भात तासन्‌तास कोमट राहिला की तो वाढतो आणि त्याचं उलट्या घडवणारं विष नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. पाण्याचा सामू 4.5च्या खाली उतरला की त्याची वाढ खुंटते. प्रश्न एवढाच की आंबटपणा आधी पोचतो की तो. ताक घातलं की शर्यत आंबटपणाच्या बाजूनं झुकते, आणि भात आधी पसरून झटपट गार केला तर आणखी झुकते. ‘शेवटी तळतोच की, तळल्यावर सगळं मरतं’ हा युक्तिवादही टाकून द्यावा. चीनच्या हेलोंगजियांग प्रांतातल्या जीशी शहरात ऑक्टोबर 2020 मध्ये आंबवलेल्या मक्याच्या पिठाच्या शेवया खाऊन 9 जण दगावले. ते पीठ फ्रीजरमध्ये सुमारे वर्षभर पडून होतं. त्यात आढळलेलं बाँग्क्रेकिक आम्ल हे विष शिजवण्यानं नष्ट होत नाही. जिवाणू मरतात, विष उरतं. म्हणून वास बिघडलेला तांदूळ ‘तुपात जाणारच आहे’ म्हणून चालवून घेऊ नये. किलोभर तांदळाची किंमत अशी काय असते?

दुसऱ्या टोकाला आंबवलेल्या तांदळाचे भक्त आहेत. भात रात्रभर पाण्यात ठेवला की 100 ग्रॅममधलं लोह 3.4 मिलिग्रॅमवरून 73.91 मिलिग्रॅमवर जातं, असा एक आकडा आरोग्याच्या लेखांतून बरीच वर्षं फिरतो आहे. लोह हे मूलद्रव्य आहे. ते पाण्यातून उगवत नाही आणि जिवाणूही ते घडवत नाहीत. वाढायचं तर भांड्यातून उतरावं लागेल, नाहीतर मोजणीत घोटाळा असेल. आंबवण्यानं होतं ते याहून साधं आणि खरं आहे: लोह, जस्त यांना धरून ठेवणारं फायटेट काही प्रमाणात तुटतं आणि असलेलं लोह शरीराला थोडं अधिक मिळतं. अनारशाच्या बाजूनं तर आरोग्याची वकिली करूच नये. गूळ घालून तुपात तळलेला पदार्थ आहे, तो चवीसाठी आणि सणासाठी खावा. प्राचीनतेची वकिलीही जपून करावी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त इड्डरिका सापडते म्हणून आनंद होतो, पण ती उडदाची आहे, तिच्यात तांदूळ नाही. अमरकोशात आंबवलेल्या पेजेला ‘आरनालक’ आणि ‘धान्याम्ल’ अशी नावं आहेत. आरनालकाच्या उच्चारावरून अनारशाची व्युत्पत्ती लावायचा मोह होतो, तो आवरलेला बरा.

राहता राहिला सोयीचा प्रश्न. दिवाळीच्या आधी बचत गटांकडून आणि दुकानांतून अनारशाचं तयार पीठ मिळतं, मिक्सर आहे, फ्रिज आहे. मग पातेल्याशी तीन दिवस कशाला बांधून घ्यायचं? ज्या घरात दोघंही सकाळी आठला बाहेर पडतात तिथे तयार पीठ आणावं, त्यात कमीपणा काही नाही. पिढ्यान्‌पिढ्या या कामाचा भार बायकांच्याच मनगटावर राहिला, हे विसरून परंपरेचे गोडवे गाणं अन्यायाचं होईल. पण तयार पिठात थांबवण्याचा निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेतलेला असतो. पीठ सैल लागलं, अनारसा हसला, तर चूक तांदळाची, गुळाची की मुरण्याची हे कळायला काही वाट राहत नाही. वर्षातून एकदा, पावशेर तांदळाचा का होईना, घरी केला की पुढे विकतच्या पिठाची पारखही येते. मिक्सर वापरायला हरकत नाही, थांबत थांबत फिरवावा, पीठ गरम होऊ देऊ नये. फ्रिजचा उपयोगही आहे, तोही लगाम म्हणूनच: उन्हाळ्यात तांदूळ हवा तेवढा आंबला आणि वाळवायला सवड नसली, तर पातेलं रात्रभर फ्रिजमध्ये सरकवावं, आंबणं जवळजवळ जागच्या जागी थबकतं.

2026 साली अधिक महिना ज्येष्ठात आहे, 17 मे ते 15 जून. बार्शीत त्या दिवसांत अनारशाचा तांदूळ भिजत घालणाऱ्यांनी तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी बदलताना एक दाणा चिमटीत चुरडून पाहावा, आणि पीठ झालं तर त्याच दिवशी उपसावा.